मोटारीच्या कपाळावरची पाटी

इतिहास म्हटला कीं सामान्यतः ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि तहनामे डोळ्यांपुढें उभे राहतात. मराठवाड्याच्या पूर्व भागांत या सामग्रीची मुळींच उणीव नाहीं. राष्ट्रकूट राजांच्या कोरीव लेखांत 'लट्टलूरपुरवराधीश्वर' असें बिरुद येतें. लट्टलूर म्हणजेच आजचें लातूर, असें अभ्यासक मानतात. नांदेड जिल्ह्यांतील कंधार हेंहि राष्ट्रकूटांच्या इतिहासांतील नांवाजलेलें ठिकाण. धनी कोण, त्याचें मूळ गांव कोणतें, आणि त्याच्या शब्दाला जामीन कोण, हें धातूच्या पत्र्यावर कोरून ठेवण्याची रीति या भूमींत हजार वर्षांहून जुनी आहे.

आज त्याच लातुरांत आणि नांदेडांत धातूचे असंख्य पत्रे रस्त्यावरून धांवत असतात, आणि त्यांवरहि मूळ ठिकाण लिहिलेलें असतें. 'एम. एच. २४' म्हणजे लातूर, 'एम. एच. २६' म्हणजे नांदेड. मोटारीच्या पुढील अंगास, बंपरवर, एका लहानशा ब्रॅकेटांत बसविलेली ही पाटी रोजच्या पाहण्यांतली असल्यामुळें तिच्याकडे कोणी लक्षपूर्वक पाहत नाहीं. ती सैल होऊन खडखडूं लागली, किंवा बंपर दुरुस्त होऊन गाडी गॅरेजमधून घरीं आली आणि पाटी मात्र मागच्या सीटवर पडलेली आढळली, म्हणजे तिची आठवण होते. परंतु ती कोठून आली, तिनें किती राज्यें येतांजातां पाहिलीं, आणि ती जागेवर नसली तर कोणाचें काय जातें, याचा शोध घेतला तर या दोन जिल्ह्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास तिच्या आधारानें सांगतां येतो.

मोटारीला क्रमांक लावण्याची कल्पना प्रथम पॅरिस शहरांत अंमलांत आली. १४ ऑगस्ट १८९३ रोजीं तेथील पोलीस खात्यानें असा हुकूम काढला कीं, प्रत्येक मोटारीच्या मालकानें आपलें नांव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक धातूच्या पत्र्यावर स्पष्ट लिहून तो पत्रा गाडीच्या डाव्या बाजूस लावावा, आणि तो केव्हांहि झांकला जाऊं नये. पत्रा लावा एवढेंच सांगून हा हुकूम थांबला नाहीं. तो झांकूं नका, हेंहि त्यानें पहिल्याच दिवशीं सांगितलें. मनुष्यस्वभावाची ओळख पॅरिसच्या पोलिसांना चांगलीच होती, असें म्हटलें पाहिजे. इंग्लंडांत १९०३ सालीं कायदा होऊन १ जानेवारी १९०४ पासून मोटारींना क्रमांक सक्तीचे झाले. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स या राज्यानें १९०३ सालीं सरकारी पाट्या देण्यास आरंभ केला.

अशा पाटीची गरज तेव्हांच कां भासावी? गांवांतील बैलगाडी कोणाची, हें बैलांवरूनच ओळखूं येई. टांगेवाला हा रोजच्या रस्त्यावरचा रोजचा माणूस. त्याच्या गाडीचा कोणास धक्का लागला तरी तो पळून पळून जाणार कोठें? मोटारीनें हा हिशेब बदलला. तिनें उडविलेली धूळ खालीं बसण्यापूर्वींच ती वेशीबाहेर गेलेली असे. तिचा धनी कोण, हें ओळखण्याचा जुना मार्गच उरला नाहीं. तेव्हां गाडीनें आपली ओळख स्वतःच्या अंगावर वागवावी, आणि ती येतांना व जातांना अशी दोन्ही वेळां दिसावी, असा दंडक हळूहळू बहुतेक देशांत रूढ झाला. समोरची पाटी आणि मागची पाटी यांची जोडी जमली ती अशी.

हिंदुस्थानांत ब्रिटिश मुलुखासाठीं १९१४ सालीं मोटार-वाहनांचा कायदा झाला आणि १९३९ सालीं त्याची जागा अधिक तपशीलवार कायद्यानें घेतली. परंतु नांदेड व लातूर हीं गांवें त्या काळीं ब्रिटिश मुलुखांत नव्हतीं. तीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत. या भागांत यंत्राची गाडी प्रथम आली ती रुळांवरून. विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटर मापाची आगगाडी नांदेडावरून धांवूं लागली, आणि १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी लातुरास पोंचली. लातूरच्या धान्याच्या पेठेला आणि नांदेडच्या कापसाला बाहेरचें जग जवळ आलें तें या दोन मार्गांनीं. तथापि आगगाडीच्या स्टेशनापासून आंतल्या गांवापर्यंत वाट बैलगाडीचीच होती.

ती वाट मोडून काढण्याचें काम मोटार-बसनें केलें. निजाम स्टेट रेल्वेनें १९३२ सालच्या जूनमध्यें आपलें स्वतंत्र रस्ते-वाहतूक खातें काढलें आणि २७ बसगाड्यांनिशीं प्रवासी वाहतुकीस प्रारंभ केला. त्या काळची एक आल्बियन बस हैदराबादेस जतन करून ठेवलेली आहे. तिच्या पाटीवर 'एच. वाय. झेड. २२३' असा क्रमांक आहे. 'एच. वाय.' म्हणजे हैदराबाद हें उघड आहे. परंतु शेवटचा 'झेड' कोठून आला? निजामाच्या मातोश्री जोहरा बेगम यांच्या स्मरणार्थ तें अक्षर घेतलें, अशी आख्यायिका तिकडे सांगतात. पुढें आंध्र प्रदेश आणि तेलंगण या राज्यांच्या सरकारी बसगाड्यांच्या क्रमांकांतहि 'झेड' हें अक्षर टिकून राहिलें, यामुळें या कथेला बळ मिळालें आहे. कथा खरी असो वा नसो, राज्यें गेलीं तरी पाटीवरचें एक अक्षर मागें राहिलें, ही गोष्ट मात्र खरी.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान मुक्त झालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं भाषावार राज्यरचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. बारा वर्षांच्या अवधींत या भागानें तीन राज्यव्यवस्था पाहिल्या. १९५६ च्या वांटणींत सीमेवर जे फेरफार झाले ते नीट पाहण्यासारखे आहेत. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यांतून निघून मराठवाड्यास जोडले गेले. किनवट आदिलाबादेकडून नांदेडास मिळालें. उलट नांदेड जिल्ह्यांतील मुधोळ, भैंसा आणि बिचकुंद्याकडील गांवें आंध्र प्रदेशांत गेलीं. माहेर देगलुरास आणि सासर बिचकुंद्यास, अशीं घरें त्या भागांत पुष्कळ. भाकरी तीच, बाजार तोच, पण एका घरच्या गाडीवर एक अक्षर आणि दुसऱ्या घरच्या गाडीवर दुसरें, अशी स्थिति होऊन बसली. नकाशावरची रेघ शेतांतून जातांना कोणास दिसत नाहीं. ती दिसते मोटारीच्या पाटीवर.

याच काळांत सरकारी प्रवासी वाहतुकीचाहि पसारा बदलला. मुंबई राज्यांत एस. टी. ची पहिली बस १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर धांवली होती. मराठवाड्याची सेवा काहीं काळ निराळी राहून १९६१ सालीं महाराष्ट्राच्या महामंडळांत मिसळली. आज नांदेडच्या किंवा लातूरच्या बसस्थानकांत उभें राहून पाट्या वाचल्या तर एक चमत्कार दिसतो. बस नांदेडची, चालक नांदेडचा, प्रवासी लोह्याचे, पण पाटीवर 'एम. एच. २०'! याचें कारण असें कीं, महामंडळाच्या बसगाड्यांचे सांगाडे दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळील हिंगणा येथील कार्यशाळांत बांधले जात, आणि ज्या कार्यशाळेंत गाडी बांधली त्या भागांतच तिची नोंदणी होई. चिकलठाण्याची गाडी म्हणून ती '२०'. पाटी जन्मस्थान सांगते, वसतिस्थान सांगतेच असें नाहीं.

हे '२०', '२४' आणि '२६' आले कोठून? १९८९ पूर्वीं पाटीवर तीन अक्षरें आणि पुढें आंकडे अशी रीति होती. त्या अक्षरांवरून गाडी कोणत्या जिल्ह्याची हें सामान्य माणसास ओळखणें कठीण जाई. १९८८ चा मोटार-वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, आणि नव्या पद्धतीनें प्रथम राज्याचीं दोन अक्षरें, मग कार्यालयाचे दोन आंकडे, मग मालिकेचें अक्षर व शेवटीं गाडीचा क्रमांक असा क्रम ठरला. मराठवाड्याच्या वांट्यास २० पासूनचे आंकडे आले: औरंगाबाद २०, जालना २१, परभणी २२, बीड २३, लातूर २४, उस्मानाबाद २५ आणि नांदेड २६. ही माळ वाचली कीं तिच्यांत जिल्ह्यांचा जन्मकाळ दिसतो. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजीं उस्मानाबादेंतून वेगळा निघाला. तो १९८९ पूर्वींच झाला असल्यामुळें त्याला माळेंत स्वतंत्र मणी मिळाला. हिंगोली मात्र १ मे १९९९ रोजीं परभणींतून निघाली. तोंवर शेजारचे आंकडे संपले होते, म्हणून तिला एकदम ३८ घ्यावा लागला. पुढें औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर झालें, उस्मानाबादचें धाराशिव झालें. परंतु २० आणि २५ हे आंकडे जागचे हलले नाहींत. नांव बदलतें, आंकडा टिकतो.

सीमेपलीकडे उलटा प्रकार घडला. निजामाबादेच्या गाड्या नव्या पद्धतींत 'ए. पी. २५' म्हणून देगलूर-बिलोलीकडे येत. २ जून २०१४ रोजीं तेलंगण राज्य झाल्यावर नव्या गाड्यांवर 'टी. एस. १६' आलें, आणि मार्च २०२४ मध्यें राज्याचें अक्षरचिन्ह पुन्हां बदलून 'टी. जी.' झालें. जुन्या गाड्यांनीं जुन्या पाट्या ठेवल्या. त्यामुळें धर्माबादच्या मिरची-बाजारापुढें उभ्या असलेल्या गाड्यांच्या एकाच रांगेंत तेलंगणाच्या तीन राजवटी शेजारीं शेजारीं उभ्या दिसूं शकतात. उदगिराकडे बीदरची 'के. ए. ३८' नित्याची. नांदेडास हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळें पंजाब, हरियाणा व दिल्ली येथील पाट्यांची वर्दळ असते. लातूरच्या गंज-गोलाईत आणि बाजार-समितींत तूर व सोयाबीन नेण्यास दूरदूरच्या मालमोटारी येतात. २०२१ सालीं तर 'बी. एच.' ही भारत-मालिका निघाली. वारंवार बदली होणाऱ्या नोकरदारांच्या गाडीवर राज्याचें नांवच उरलें नाहीं.

येथवर पाटीवरच्या मजकुराची कथा झाली. आतां पाटी आणि ती धरून ठेवणारें ब्रॅकेट यांच्याकडे वळणें प्राप्त आहे. कारण मजकूर कितीहि खरा असला तरी त्याला धरणारा हात पक्का नसेल तर तो व्यर्थ.

प्रारंभींच्या मोटारींना आजच्यासारखा बंपर नव्हता. लोखंडी पत्र्यावर रंगानें लिहिलेली पाटी रेडिएटरच्या खालीं दोन पट्ट्यांना टांगलेली असे. पुढें चकचकीत मुलाम्याचे पोलादी बंपर आले. १९५८ सालापासून उत्तरपाऱ्यास तयार होऊं लागलेली अँबॅसॅडर किंवा मुंबईस कुर्ला येथें तयार होणारी फियाट घ्या. पाटीला बंपरवर लोखंडी पट्टीचा आधार, दोन नट-बोल्ट, आणि काम संपलें. पाटी रंगविणारा पेंटर हा तालुक्याच्या गांवींहि असे. काळ्या पाटीवर पांढरीं अक्षरें ही खासगी गाडीची खूण होती. तोच पेंटर दुकानाच्या पाट्या, निवडणुकीचे फलक आणि मालमोटारीच्या मागचे सुविचार रंगवी. त्याची जागा पुढें 'रेडियम'वाल्यानें घेतली. या रेडियममध्यें रेडियम धातूचा लवलेश नसतो. प्रकाश परत फेंकणाऱ्या चिकटपट्टीला बाजारांत पडलेलें तें नांव आहे.

रेडियमवाल्याबरोबर हौस आली. ४१४१ हे आंकडे असे वळवावे कीं 'दादा' वाचलें जावें; २१४ चा 'राम' व्हावा; ४९१२ चा 'पवार' व्हावा; इंग्रजी वळणाच्या ८०५५ मधून 'बॉस' डोकवावा. असे क्रमांक मिळविण्यासाठीं जादा शुल्क भरणारे लोक पुष्कळ निघाले. केंद्रीय नियमांप्रमाणें मोटारीच्या पाटीवरील अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० आणि दोन अक्षरांतील अंतर १० मिलिमीटर असावें लागतें, आणि वळणें घेण्यास बंदी आहे. परंतु पाटी ही ओळख देण्यासाठीं आहे, मिरविण्यासाठीं नाहीं, हा भेद लोप पावला. वाचतां येणारी पाटी आणि पाहतां येणारी पाटी या दोन निराळ्या वस्तु होत. याच सुमारास जीपगाड्यांच्या तोंडाशीं जाडजूड लोखंडी जाळ्या बसविण्याची टूम निघाली. त्यांच्या आड पाटी अर्धी झांकली जाई. केंद्र सरकारनें २०१७ सालच्या डिसेंबरांत राज्यांना पत्र पाठवून अशा जाळ्यांविरुद्ध कारवाई करण्यास सांगितलें.

गाड्यांचे बंपर प्लॅस्टिकचे झाले तेव्हां लोखंडी पट्टी गेली आणि तिच्या जागीं प्लॅस्टिकचें ब्रॅकेट आलें. तें काहीं गाड्यांत दोन-चार स्क्रूंनीं, काहीं गाड्यांत दाबून बसणाऱ्या क्लिपांनीं बंपरास धरलेलें असतें, आणि त्याच्या अंगावर पाटी बसते. तें काढणें आणि पुन्हां बसविणें हें दिसण्यास क्षुल्लक काम. परंतु गॅरेजमधील जाणता कारागीर तें घाईनें करीत नाहीं. तो प्रथम माती धुवून काढतो आणि ब्रॅकेट नेमकें कशानें धरलें आहे तें पाहतो. कारण क्लिपेवर बसलेलें ब्रॅकेट स्क्रू समजून ओढलें तर बंपरच चिरतो. गंजलेल्या स्क्रूला तो तेल सोडून थोडा वेळ थांबतो. पान्याला बळ लावलें तर प्लॅस्टिकमधील छिद्र मोठें होतें, आणि मग कोणताहि स्क्रू तेथें धरत नाहीं. पुन्हां बसवितांना तो सर्व स्क्रू आधीं हातानें अर्धे फिरवून घेतो, पाटी समतल झाली कीं आळीपाळीनें आंवळतो, आणि मध्यें रबरी वॉशर घालतो. त्यामुळें खडखड थांबते आणि पत्र्यावर ताण येत नाहीं. शेवटीं वीस पावलें मागें जाऊन तो पाटी वाचून पाहतो. या शेवटच्या कृतींत साऱ्या कामाचा हेतु आहे.

पाटीच्या इतिहासांतील सर्वांत मोठें पर्व 'उच्च सुरक्षा' पाटीचें. तिचे नियम २००१ सालीं झाले. त्यांवर वाद होऊन ३० नोव्हेंबर २००४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती पद्धति वैध ठरविली. तरीहि अंमलबजावणी राज्याराज्यांत रेंगाळली. अखेर १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीबरोबरच ती पाटी देण्याचें बंधन कारखानदारांवर आलें. महाराष्ट्रानें त्यापूर्वींच्या जुन्या गाड्यांनाहि ती सक्तीची केली. त्यासाठीं ३१ मार्च २०२५ ही मुदत दिली आणि ती त्या वर्षांत वारंवार वाढवावी लागली. दुचाकीस ४५० रुपये, तीनचाकीस ५०० आणि मोटारीस ७४५ रुपये, शिवाय कर, असे दर ठरले. वीस-पंचवीस वर्षें बंपरवर बसलेल्या पाट्या नांदेड-लातुरांत उतरल्या आणि नव्या चढल्या, त्या या निमित्तानें.

ही नवी पाटी ॲल्युमिनियमची. तिच्या डाव्या अंगास वर अशोकचक्राचें चकाकणारें मुद्रांकन, त्याखालीं देशाचीं निळीं अक्षरें, आणि खालच्या कोपऱ्यांत लेसर-किरणांनीं कोरलेला स्वतंत्र अनुक्रमांक असतो. अक्षरें ठोकून उठविलेलीं असतात, म्हणून रंगानें तीं बदलतां येत नाहींत. ती साध्या स्क्रूऐवजीं एकदां बसली कीं पुन्हां न निघणाऱ्या कुलुपी खिळ्यानें पक्की करतात. तो काढावयाचा म्हणजे फोडावाच लागतो, आणि फोडलेला खिळा पुन्हां वापरतां येत नाहीं. शिवाय मोटारीच्या पुढील कांचेवर आंतून एक चिकटपत्र लावतात. तें उपटूं गेल्यास फाटतें.

येथें एक बारकावा ध्यानांत घेण्यासारखा आहे. २००१ च्या नियमानें कुलुपी खिळ्याची सक्ति विशेषेंकरून मागील पाटीसाठीं सांगितली होती. पुढील पाटीला तोच खिळा मारला तरी तो पाटीला ब्रॅकेटाशीं बांधतो. आणि ब्रॅकेट स्वतः जर साध्या स्क्रूंनीं बंपरावर बसलेलें असेल तर पाटीसकट ब्रॅकेटच उतरवितां येतें. बंपर रंगविणाऱ्या प्रामाणिक कारागिराला ही सोय आहे: खिळे न फोडतां तो दोन्ही वस्तु एकत्र काढतो आणि एकत्र बसवितो. पण जी सोय कारागिराला तीच चोराला. कुलूप कितीहि भक्कम असलें तरी कोयंडा जेवढा भक्कम तेवढेंच त्याचें बळ. म्हणूनच नियमानें एका पाटीवर भिस्त ठेवली नाहीं. पुढची पाटी, मागची पाटी आणि कांचेवरचें पत्र अशा तीन साक्षी ठेवल्या. तिघी जुळल्या तर गाडी खरी.

मग पुढची पाटी हवीच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. तो अगदींच अवाजवी नाहीं. ब्रिटनमध्यें मोटार-सायकलच्या पुढील चाकावर उभी बसविलेली पाटी पादचाऱ्यास कापते असें दिसून आल्यावर १९७५ सालीं तिची सक्ति उठविण्यांत आली. अमेरिकेंतील ओहायो राज्यानें १ जुलै २०२० पासून मोटारीची पुढील पाटी अनावश्यक ठरविली, आणि तेथील इतर कित्येक राज्यांत ती पूर्वींपासूनच नाहीं. परंतु ज्याचा त्याचा रस्ता निराळा असतो. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातुरास येणारा राष्ट्रीय महामार्ग हिवाळ्यांत रात्रीं पाहावा. साखर-कारखान्यांचा हंगाम चालूं असतो. उसानें खच्चून भरलेल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरमागें एकापाठोपाठ एक अशा चालतात. ऊस मागें इतका लोंबतो कीं दिवा, पाटी, चाकें सारें झांकून जातें. ट्रॉलीलाहि कायद्यानें नोंदणी व क्रमांक हवा. पण तो असला तरी दिसत नाहीं. अशा वेळीं ट्रॅक्टरच्या तोंडावरची पाटी हीच एकटी साक्षीदार उरते. पावसाळ्यांत चिखलानें मालमोटारीची मागील बाजू भरून जाते, तेव्हांहि तोच प्रकार. रस्त्यांत सांचलेल्या पाण्यांतून वेगानें गाडी घातली तर पाण्याच्या दाबानें पुढील पाटी ब्रॅकेटासकट उखडते. ती तेथेंच पडून राहते आणि धनी पुढें निघून जातो.

ही पाटी नसण्याची किंमत कोण मोजतो? गाडीचा धनी फार तर दंड भरतो. खरी किंमत मोजतो तो रस्त्याच्या कडेला पडलेला मनुष्य. अपघात करणाऱ्या गाडीचा क्रमांक कळला तर मृताच्या कुटुंबास मोटार-अपघात न्यायाधिकरणापुढें दावा मांडतां येतो. तेथें मृताचें वय, त्याची मिळकत, त्याच्यावर अवलंबून असलेलीं माणसें यांचा हिशेब होतो, आणि विमा-कंपनीला त्याप्रमाणें भरपाई द्यावी लागते. क्रमांक कळला नाहीं तर गाडी 'अज्ञात' ठरते. मग कायद्याच्या १६१ व्या कलमाखालीं, १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणें, मृत्यूस २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये एवढीच ठरीव रक्कम मिळते. त्यापूर्वीं तर ती अनुक्रमें २५ हजार आणि साडेबारा हजारच होती. मेलेला मनुष्य एकटा मिळविता असो, त्याच्या पाठीमागें शाळेंत जाणारीं तीन मुलें असोत, त्या रकमेंत वाढ होत नाहीं. कोणी हात-गाडीवाला सायंकाळीं घरीं परततांना उडविला गेला, आणि पाहणाऱ्याला चार आंकडे वाचतां आले किंवा नाहीं, एवढ्या एका गोष्टीवर त्याच्या घराचें पुढचें आयुष्य ठरतें. तीं अक्षरें वेडींवांकडीं वळविलेलीं असलीं, जाळीआड असलीं, किंवा ब्रॅकेट मोडलें म्हणून पाटी आंत डॅशबोर्डावर आडवी पडलेली असली, तर तें आयुष्य कोणाच्या तरी आळसानें ठरलें, असेंच म्हणावें लागेल.

दुसरेंहि एक नुकसान आहे. उखडलेली किंवा चोरलेली पाटी दुसऱ्या गाडीवर चढते. मग नियम मोडतो एक आणि कॅमेऱ्याच्या चित्रावरून दंडाचा संदेश येतो दुसऱ्याच्याच दारीं. अशी पाटी हरवली तर प्रथम पोलीस ठाण्यांत वर्दी द्यावी आणि मगच नवी घ्यावी, हा दंडक याच कारणास्तव आहे. रेडियमवाल्याकडून तात्पुरती दुसरी करून घेणें हा त्यावर उपाय नव्हे.

राष्ट्रकूटांचे ताम्रपट एकाहून अधिक पत्र्यांचे असत. ते पत्रे एका कडींत ओवून त्या कडीवर राजमुद्रा ठोकीत. मुद्रा न फोडतां त्यांतला एकहि पत्रा काढतां वा बदलतां येत नसे. मूळ दान ज्यानें दिलें तो राजा गेला, राज्य गेलें, परंतु मुद्रा शाबूत असेपर्यंत त्या शब्दाला कोणी खोटें म्हणूं शकलें नाहीं. आजच्या ॲल्युमिनियमच्या पाटीवरील कुलुपी खिळा हा त्याच कल्पनेचा नवा अवतार आहे. लेख खरा असावा, आणि तो ज्याला बांधला आहे त्यापासून सुटूं नये, एवढीच दोन्हींची अपेक्षा. गाडी धुतांना, बंपर बदलून आल्यावर किंवा पावसाळ्यांत पाण्यांतून पार झाल्यावर पुढें जाऊन पाटीला हातानें एकदां हलवून पाहावें आणि थोडें दूर उभें राहून तिचे आंकडे वाचावे. या कामाला एका मिनिटाहून अधिक वेळ लागत नाहीं.